हात कुठे अडखळतो

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखाना आणि औषधांचं भांडार यांच्या मधोमध नर्सिंगची शाळा होती. वर-खाली मिळून चार वर्ग आणि तळमजल्यावर एक लांबोडकी खोली. या खोलीला मुली 'खोटा वॉर्ड' म्हणायच्या. तिथे सहा लोखंडी खाटा होत्या आणि खिडकीजवळच्या खाटेवर रबराचा एक पेशंट कायमचा निजलेला असायचा. त्याला रोज कुणी ना कुणी इंजेक्शन टोचायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं. एवढी सेवा होऊनही बिचारा कधी उठून बसला नाही.

या खोट्या वॉर्डावर बावीस वर्षं ट्यूटरबाईंचं राज्य होतं. बुटक्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ. कामात त्यांचा हात धरणारं इस्पितळात कुणी नव्हतं. खाटेवरची चादर त्या दीड मिनिटात बदलायच्या, तीही पेशंट खाटेवर असताना, आणि कोपरे असे दुमडायच्या की पाकिटाची कड वाटावी. मुली आ वासून बघत राहायच्या. बाई चादरीवरून एकदा हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बघितलंत? आता करा. एकदा दाखवलंय, दोनदा दाखवणार नाही."

ज्यांना जमायचं त्यांना जमायचं. ज्यांना जमायचं नाही त्यांच्याविषयी बाईंचं मत पक्कं होतं. मुली दोन प्रकारच्या असतात, एक हाताला वळण असलेल्या आणि दुसऱ्या नसलेल्या. दुसऱ्या प्रकारावर मेहनत घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाई वाईट नव्हत्या. आजारी मुलीच्या उशाशी रात्रभर बसतील, कुणाच्या घरून वाईट बातमी आली तर तिला स्वतः गाडीत बसवून देतील. पण शिकवणं त्यांच्या लेखी दाखवण्यापुरतंच होतं. त्यांनाही कुणीतरी एकदाच दाखवलं होतं आणि त्यांना ते आलं होतं.

त्या वर्षी पहिल्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. सगळ्या तिला पिवळी म्हणायच्या. कारण तिची पुस्तकं. पुस्तकात महत्त्वाचं दिसेल त्यावर ती पिवळा हायलायटर फिरवायची, आणि तिला सगळंच महत्त्वाचं दिसायचं. शरीररचनेचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिवळंधमक. वसतिगृहात सगळ्यांत आधी उठून अभ्यासाला बसणारी तीच. एकेक धडा पाच-पाच वेळा वाचायची, दोनदा लिहून काढायची. आणि परीक्षेत नापास व्हायची.

पहिल्यांदा नापास झाली तेव्हा बाईंनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा झाली तेव्हा तिला बोलावून घेतलं. तोंडी परीक्षेत तिला सलाईनचं गणित घातलं होतं. पाचशे मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, एका मिलीचे वीस थेंब होतात, तर मिनिटाला किती थेंब सोडाल? पिवळीनं उत्तर दिलं होतं, अडीच हजार.

"अडीच हजार!" बाई म्हणाल्या. "मिनिटाला? अगं सलाईन आहे का आगीचा बंब?"

पिवळी खाली बघत राहिली. "बाई, मी हे गणित पंधरा वेळा केलं होतं."

"पंधरा वेळा करून हे?" बाईंनी सुस्कारा सोडला. त्यांच्या टेबलावर अजून तीस पेपर पडले होते. "हे बघ, राग मानू नकोस. प्रत्येकाला सगळं येतंच असं नाही. तुला झेपत नसेल तर वेळेवर दुसरं काहीतरी बघ. अजून एकच संधी आहे, त्यानंतर शाळा नाव काढून टाकते. उगाच वर्ष घालवू नकोस."

त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या. आपण मुलीच्या भल्याचंच सांगतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. पिवळी "हो बाई" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पुस्तक घेऊन जिन्याखालच्या बाकावर बसलेली दिसली.

त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी बाई पडल्या.

पडल्या त्याही कशा, तर शाळेच्या व्हरांड्यात नुकतीच फरशी पुसली होती, तीन मुली घाईत येत होत्या, आणि बाई त्यांच्यावर ओरडत होत्या, "सावकाश! फरशी ओली आहे, दिसत नाही का?" हे म्हणता म्हणता त्या मागे वळल्या आणि त्यांचाच पाय सटकला. मुली तिघीही धडधाकट राहिल्या. बाईंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आत धातूची एक पट्टी बसवावी लागली, वरून कोपरापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हे असंच राहील, आणि त्यानंतर बोटं किती वळतील ते बघू.

घरी दोघंच होते, बाई आणि त्यांचे यजमान. यजमान जुळारी होते, म्हणजे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पण जेवणाच्या टेबलापलीकडे बाई पेपर वाचत असल्या की हे अलीकडून उलटा पेपर त्यांच्याआधी वाचून संपवायचे. शिशातली अक्षरं उलटीच असतात, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच.

पहिला आठवडा बाईंनी चिडचिडीत काढला. दात घासणं, केस विंचरणं, अंगातल्या पोलक्याची बटणं, कशालाच हात लागेना. यजमान अंबाडा घालून द्यायचे तो दुपारपर्यंत मानेवर यायचा. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी ठरवलं की डाव्या हातानं लिहायला शिकायचं. शाळेचे शेरे, हजेरी, अहवाल, सगळं तुंबलं होतं. "एवढं काय त्यात," त्या म्हणाल्या, "डाव्या हातचा मळ!"

यजमान हसले नाहीत, पण मिशीत काहीतरी हललं.

बाईंनी दुरेघी वही आणवली. डावीकडे कित्ता ठेवून त्या बाराखडी गिरवायला लागल्या. सकाळी दोन पानं, दुपारी दोन. चौथ्या दिवशी अक्षर बरंच सुधारल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी त्यांनी मोठ्या मॅडमना, म्हणजे शाळेच्या प्राचार्यांना, चार ओळींची चिठ्ठी लिहायला घेतली आणि दुसऱ्या ओळीवरच अडकल्या. कित्ता समोर नव्हता. 'क्ष' कुठून सुरू करायचा तेच हाताला आठवेना. कागदावर मुंगीनं शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा तसं काहीतरी उमटलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत कुठली गोष्ट आपल्याला येत नाही असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"रोज चार पानं काढतेय मी," त्या म्हणाल्या. "चार! वहीत बघा, किती छान येत होतं. मग आत्ताच काय झालं?"

यजमानांनी वही ओढून घेतली, चष्मा वर केला. पानं उलटली. मग विचारलं, "कुठे अडखळतो हात?"

"सगळीकडेच."

"सगळीकडे नाही अडखळत कुणाचा." ते वही न्याहाळत होते. "आमच्या छापखान्यात एक वस्ताद होता. मी नवा होतो तेव्हा पाटी पाटी खिळे जुळवायचो, तरी हात चालायचा नाही. मला वाटलं, अजून जुळवावं, अजून जुळवावं. तो म्हणाला, गाढवा, नुसता घाम काढू नकोस. समोरच्या लाकडी पेटीत शेकडो खण आहेत. तुझा हात नेमक्या कुठल्या खणाशी थांबतो ते बघ, आणि संध्याकाळी मला तेवढंच सांग. तीन दिवस बघितलं. नऊ खण निघाले, बाकी सगळे मला येत होते. मी मात्र रोज सगळ्यांचाच सराव करत बसलो होतो."

"मग?"

"मग नऊ खण शिकलो." त्यांनी वही परत दिली. "आणि हा कित्ता झाक. तो समोर असला की तुझे डोळे लिहितात. हात नुसता सोबतीला असतो."

बाईंना राग आला. नवऱ्याचं बरोबर असलं की येतो तसा. पण त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कित्ता पालथा घातला आणि जमतील तशी सगळी अक्षरं मनानं काढली. अडली ती वेगळ्या कागदावर उतरवली. अकरा निघाली. बहुतेक सगळी डावीकडे गाठ मारून वळणारी. पुढचे आठ दिवस त्यांनी फक्त त्या अकरांची पाठ धरली. सकाळी काढायची, मग मुद्दाम विसरू द्यायची, मग संध्याकाळी न बघता पुन्हा काढायची. संध्याकाळचं अक्षर सकाळपेक्षा वाईट यायचं, तरी आठवड्याअखेरीला चिठ्ठी लिहून झाली.

चिठ्ठी पुरी झाली आणि बाईंना एकदम पिवळी आठवली. तिचं ते पिवळंधमक पुस्तक. पाच वेळा वाचलेला धडा. 'बाई, मी हे गणित पंधरा वेळा केलं होतं.' आणि आपण काय म्हणालो ते.

त्या दिवशी त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं.

चौथ्या आठवड्यात हात गळ्यात अडकवून बाई शाळेत परतल्या. डॉक्टर नको म्हणत होते, पण बाईंना घरात करमेना. पहिल्याच दिवशी चादर बदलण्याचा तास होता. बाई खाटेशी उभ्या राहिल्या, सवयीनं उजवा हात पुढे केला आणि थांबल्या.

"एक जण पुढे या. मी सांगते, तुम्ही करा."

एक उंच, धीट मुलगी पुढे आली.

"चादर अंथर. हं. आता कोपरा... तो असा धर."

"कसा, बाई?"

"असा गं. वर. नाही, एवढा वर नाही. मग तो... दुमडून... आत."

"कशाच्या आत?"

तीस वर्षं हा कोपरा त्यांनी दुमडला होता. पण आधी काय होतं, मग काय होतं, अंगठा कुठे असतो, हे सांगायला शब्दच नव्हते. हाताला ठाऊक होतं, आणि हात प्लास्टरमध्ये होता. उंच मुलीनं कोपऱ्याचं बोचकं करून गादीखाली कोंबलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या, आणि बाईही हसल्या. मुलींनी त्यांना वर्गात हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मला सांगता येत नाहीये," बाई म्हणाल्या. "मला येतं, पण कसं येतं ते मला माहीत नाही. आपण असं करू. तुम्ही सगळ्या करा, आणि जिचा हात जिथे अडखळेल तिनं तिथेच थांबून मोठ्यानं सांगायचं."

त्या तासाला सहा खाटांवर नुसता गोंधळ झाला. पण तास संपेपर्यंत असं निघालं की जवळजवळ सगळ्यांचा हात एकाच जागी अडतो. चादरीची कड गादीवर वर टाकायच्या आधी ती कोपऱ्यापासून किती लांबून उचलायची, हेच कुणाला कळलेलं नव्हतं. एक वीत अंतर. बाई आजवर ते न बोलता करत आल्या होत्या, आणि दीड मिनिटाच्या झपाट्यात ते कुणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

तास संपल्यावर बाईंनी पिवळीला थांबवलं. बाकीच्या गेल्या. पिवळीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता नाव काढल्याचंच सांगतात.

"बैस," बाई म्हणाल्या. बसायला खाटाच होत्या. एका खाटेवर बाई बसल्या, समोरच्या खाटेवर पिवळी, रबराच्या पेशंटच्या पायाशी. "काल काय वाचलंस?"

"रक्ताभिसरण. चार वेळा."

"आलं?"

"हो बाई."

"दहापैकी किती आलं म्हणशील?"

पिवळी गोंधळली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "आठ?"

"पुस्तक मीट. आता मला सांग."

पिवळीनं सुरुवात केली. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन, खालचे दोन. उजव्या बाजूला अशुद्ध रक्त येतं. मग ते... मग... तिनं पुस्तकाच्या मिटलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, जणू आतलं बाहेरून दिसेल. ओठ हलले. शब्द नाही आला. दोन-तीन मिनिटं गेली. मग तिच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं.

"बाई, मला खरंच येत होतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटत होतं. मग चारही वेळा मी काय करत होते?"

"वाचत होतीस," बाई म्हणाल्या. "छान वाचत होतीस. पण वाचणं आणि येणं या दोन गोष्टी आहेत, आणि हे तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. मलाच माहीत नव्हतं." त्यांनी डाव्या हातानं पर्समधून वही काढली आणि पुढे केली. "हे बघ."

पिवळीनं वही उघडली. मोठमोठी, वाकडी, धडपडणारी अक्षरं. तिला आधी वाटलं, कुण्या लहान मुलाची असावी.

"हे माझं अक्षर आहे. दोन आठवड्यांपूर्वीचं."

पिवळीनं एक पान उलटलं, मग दुसरं. तिला हसू येत होतं पण हसायचं धाडस होत नव्हतं.

"हस," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी तुला त्या दिवशी म्हणाले ना, झेपत नसेल तर दुसरं काही बघ. ते चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं."

पिवळीनं वही मिटून बाईंना परत दिली. खिडकीबाहेर धोब्यांनी वाळत टाकलेल्या चादरी वाऱ्यानं फडफडत होत्या.

"पण बाई," ती म्हणाली, "तेव्हा मला खरंच झेपत नव्हतं."

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास दोघींचा ठरला. बाई काही शिकवायच्या नाहीत. पिवळीनं धडा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कागदावर काढायचं. मग पुस्तक उघडून राहून गेलेलं बघायचं, आणि तेवढंच दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवायचं. हायलायटर बाईंनी जप्त केला नाही. पिवळीनंच एक दिवस तो वरच्या खोलीतल्या मुलीला देऊन टाकला. पहिले दोन आठवडे वाईट गेले. कागद अर्धा कोरा राहायचा. "आधी बरं वाटायचं बाई," ती म्हणायची, "आता रोज कळतं की काहीच येत नाही."

"काहीच म्हणू नकोस. काय काय येत नाही ते लिही."

सलाईनच्या गणिताचं कोडं सुटायला जास्त दिवस लागले. बाईंनी रीत पुन्हा सांगितली नाही. रीत पिवळीला तोंडपाठ होती. त्यांनी तिला गणित करता करता मनात चाललंय ते मोठ्यानं बोलायला लावलं. तिसऱ्या दिवशी पिवळी 'पाचशे मिली सलाईन चार तासांत' इथवर वाचून बोलायची थांबली आणि पेन्सिलीकडे बघत राहिली.

"बाई, मी प्रश्न अजून पुरा वाचलेलाच नाही. पण बघा, पाचशे आणि चार लिहूनसुद्धा झालं. आकडा दिसला की माझा हात सुटतो. तास आहेत की मिनिटं, ते मी बघतच नाही."

"का गं?"

"भीती वाटते. लवकर काहीतरी लिहून टाकलं की बरं वाटतं."

बाईंना वाटलं, बावीस वर्षांत आपण हजारेक मुलींचं हे गणित तपासलं असेल. चूक-बरोबरच्या खुणा केल्या, पण हात का सुटतो हे एकीलाही विचारलं नाही. पिवळीनं स्वतःच उपाय काढला. प्रश्न पुरा वाचेपर्यंत पेन्सिल कानामागे ठेवायची. गवंड्यासारखी. उत्तर निघालं, मिनिटाला बेचाळीस थेंब. तिनं ते तीनदा पडताळून पाहिलं आणि मग खाटेवर मागे आडवी झाली, इतकी की तिचं डोकं रबराच्या पेशंटच्या पोटावर आपटलं.

मग बाईंनी ही रीत सगळ्या वर्गाला लावली. प्रात्यक्षिकाच्या आधी प्रत्येकीनं चिठ्ठीवर लिहायचं, आज मला काय जमेल आणि काय नाही. नंतर मागच्या बाजूला लिहायचं, अंदाज कुठे चुकला. मुलींनी आधी थट्टा केली. एकीनं लिहिलं, 'आज जेवण जमेल, बाकी माहीत नाही.' बाईंनी शेरा दिला, 'अंदाज बरोबर.' हळूहळू चिठ्ठ्या खऱ्या व्हायला लागल्या. धीट, उंच मुलीला कळलं की तिला सगळं येतं असं वाटतं तेव्हा निम्मंच येतं. वर्गात कधी न बोलणाऱ्या एकीला कळलं की आपण स्वतःला नेहमी कमी धरतो.

मोठ्या मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी बाईंना बोलावलं. "ट्यूटरबाई, तुम्ही दोन धडे मागे आहात. आणि मुली म्हणतात, बाई आता दाखवत नाहीत, आम्हालाच विचारतात. हाताचं दुखणं समजू शकते मी, पण परीक्षा थांबणार आहे का?"

"हाताचं कारण नाही, मॅडम."

"मग?"

बाईंना नीट सांगता येईना. त्या एवढंच म्हणाल्या, "मी दाखवलं की मला बरं वाटायचं. मुलींना येत होतं की नाही ते मला परीक्षेतच कळायचं, आणि त्यांनाही. आता आधी कळतं. परीक्षेपर्यंत वेळ द्या. निकाल पडला तर तुम्ही म्हणाल तसं."

मॅडमनी वेळ दिला, पण खुशीनं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी पिवळी खोट्या वॉर्डात आली. बाईंचं प्लास्टर एव्हाना निघालं होतं, आणि त्या मऊ चेंडू दाबून बोटांचा व्यायाम करत होत्या. बोटं पुरती मिटत नव्हती.

"अभ्यास झाला?"

"बाई, भीती वाटतेय," पिवळी म्हणाली. "पण आधीसारखी नाही. आधी सगळ्याचीच वाटायची. आता दोनच गोष्टींची वाटतेय. मूत्रपिंडाचा धडा आणि औषधांची लांब लांब नावं. ते आलं तर माझं काही खरं नाही."

"आणि बाकी?"

पिवळीनं विचार केला. आपल्याला येतं असं म्हणायची तिला सवय नव्हती. "बाकी येतं," ती म्हणाली. "शंभरात अठ्ठावन्न पडतील. साठ नाही पडणार."

मूत्रपिंड आलंच, दहा मार्कांना. निकाल लागला तेव्हा बाई फलकासमोर गर्दीत शिरल्या नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला, फरशी कोरडी आहे ना बघून, उभ्या राहिल्या. पिवळी गर्दीतून वाट काढत आली. बोटांनी तिनं आधी पाच दाखवले, मग सात. सत्तावन्न. वर्गात खालून सहावी. आपण पास झालो याच्याइतकाच तिला दुसऱ्या एका गोष्टीचा आनंद झाला होता. "एकच मार्क, बाई!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एकाच मार्कानं चुकला माझा अंदाज!"

बाईंनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. उजवा अजून तेवढा वर जात नव्हता.

सगळं गोड झालं असंही नाही. त्या वर्षी तीन मुली नापास झाल्याच, आणि त्यातल्या एकीनं जाताना सांगितलं की चिठ्ठ्यांचा तिला वैताग यायचा. बाईंनी ते ऐकून घेतलं. मोठ्या मॅडमनी चिठ्ठ्यांबद्दल पुन्हा काही विचारलं नाही, आणि कौतुकही केलं नाही. हात बरा होत गेला तसा बाईंचाही जुना झपाटा परत यायला बघायचा. एखादी मुलगी कोपरा दुमडताना फार वेळ लावायला लागली की बाईंचा हात आपोआप पुढे व्हायचा, "दे इकडे." मग मुलीच म्हणायच्या, "बाई, हात मागे!" आणि बाई पदराखाली हात घ्यायच्या.

पिवळी पुढची दोन वर्षं कधी बरी, कधी जेमतेम, पण पास होत गेली. एका लहान गावाच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. जाताना ती बाईंच्या घरी आली. यजमानांनी तिला खिळ्यांची पेटी कशी असायची ते कागदावर काढून दाखवलं, आणि ती टेबलापलीकडे बसली होती म्हणून सगळं उलटं काढलं, म्हणजे तिला सुलटं दिसावं.

बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. महिनाभर घरात बसल्या आणि मग एक दिवस यजमानांना म्हणाल्या, "मी पोहायला शिकणार आहे."

"तू? तू तर बादलीलासुद्धा भितेस."

"म्हणूनच."

जवळच्या तलावावर सकाळी बायकांची तुकडी असते. बाईंच्या तुकडीत दोन कॉलेजच्या मुली आहेत, एक टपालखात्यातली बाई आहे आणि आठ-नऊ वर्षांच्या चार चिमुरड्या, ज्या बाईंना 'आजी' म्हणतात आणि पाणी उडवतात. शिकवणारी पोरगी बावीस-तेवीसची आहे. ती एकदा दाखवते आणि म्हणते, "बघितलंत ना आजी? सोप्पं आहे." बाई तिला काही बोलत नाहीत. पहिले दहा दिवस त्या नुसत्या बुडत होत्या. अकराव्या दिवशी ओले केस पंच्यात गुंडाळून घरी आल्या त्या दारातूनच सांगत आल्या.

"अहो, कळलं. हातपाय बरोबर चालतात माझे. पाण्यात तोंड गेलं की मी श्वास धरून ठेवते. सोडायचा असतो तो!"

यजमानांनी चहाचं आधण ठेवलं. बाई खुर्चीवर बसून, गाल फुगवून श्वास सोडून दाखवत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि मध्येच हसत होत्या.

खोल बाजूला त्या अजून जात नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा काठ सोडला, चार हात पुढे गेल्या आणि परत आल्या.